शेपूट वर अडकलेली बोट

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. अंबाबाईचं दर्शन झालं का, आणि तांबडा रस्सा झेपला का. दर्शन झालं नाही. रस्सा एकदाच मिळाला, तोही गार. मी तिकडे बोट दुरुस्त करायला गेलो होतो. हे सांगितलं की लोक हसतात. कोल्हापूर म्हणजे तालमी, ऊस, गूळ आणि चपला. तिथे बोट कुठली? साहेबांनी मला पाठवलं तेव्हा मीही हसलो होतो. परत आलो तेव्हा हसायचं त्राण राहिलं नव्हतं.

मी खानदेशातला, चोपडा तालुक्यातला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला, आणि ती सही मी बी. ई. च्या पदवीवर केली आहे. हे मी सगळीकडे सांगतो. सांगितलं नाही तर लोक मला मिस्त्री म्हणतात. माझगावला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी विजेचं काम बघतो.

कृष्णाकाठच्या एका गावाने पुरासाठी वर्गणी काढून मुंबईच्या कुणा शेटजीची जुनी बोट घेतली होती. पांढरी, आत लाल गाद्यांची, शेटजी मढला पार्टीला न्यायचा तसली. त्या बोटीचं इंजिन आत असतं आणि मागे बाहेर एक पाय लोंबतो. त्या पायाच्या टोकाला पाण्यात बोट पुढे ढकलणारा पंखा असतो. उथळ पाणी आलं की बटण दाबून पाय वर घ्यायचा, खोल पाणी आलं की खाली सोडायचा. हे उचलण्याचं काम एक छोटी मोटर तेलाच्या दाबाने करते. आम्ही त्याला ट्रिम म्हणतो. गावाने त्या पायाला ‘शेपूट’ असं नाव ठेवलं होतं. निरोप आला तो असा: शेपूट वर अडकलंय, खाली येत नाही, नदी चढायला लागलीय, माणूस पाठवा.

शिरोळ तालुक्यात

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बापू पाटील भांडायला मुंबईला येईल.

हा बापू मला एस. टी. स्टँडवर घ्यायला ट्रॅक्टर घेऊन आला होता. चाळिशीचा, आवाज असा की शेजारी बसून बोलला तरी पलीकडच्या रानातल्या माणसाने वळून बघावं.

"या पावणं! मुंबईचं मिस्त्री म्हंजे तुमीच न्हवं?"

"इंजिनिअर," मी म्हणालो.

"त्येच की. बसा मडगार्डवर. घट्ट धरा, रस्ता पाटलाच्या सुनंसारखा हाय, कवा फिरंल सांगता येत न्हाय."

दोन्ही बाजूंना ऊस. आमच्याकडे रान म्हटलं की नजर क्षितिजापर्यंत जाते. इथे नजर चार हातांवर उसाला थटते आणि परत येते. रात्रभर एस. टी.त बसून आलेल्या माणसाला त्या हिरव्या भिंतींमधून जाताना गुदमरायला होतं. आमच्या तापीला पूर आला की गाव काठावर उभं राहून बघतं. इथे नदी दिसतच नाही. ती उसाच्या मागून, बांधाबांधाने, गुपचूप येते.

बोट गावाच्या वरच्या अंगाला, ट्रॉलीवर ताडपत्रीखाली होती. जवळ दस्तगीर मुजावर विडी ओढत बसला होता. बोट चालवायची ती त्यानेच. पूर्वी ट्रक चालवायचा, बोटीत बसला तरी डावीकडे वळताना हात बाहेर काढतो.

"गेल्या पुरात चांगली पळलीया," तो म्हणाला. "पानी वसरलं, झाकून ठिवली. आवंदा ताडपत्री काढली, बॅटरी जोडली, तर मोटर आपोआप घर्र करून बोंबलाय लागली. बटन न दाबता! म्हनून वायर काढून ठिवलीया."

ही खूण सरळ होती. वर जाण्याच्या रिलेची, म्हणजे बटण दाबलं की मोटरला वीज सोडणाऱ्या डबीची, टोकं आतून वितळून चिकटली होती. त्यामुळे मोटर सारखी ‘वर’ ढकलत राहणार आणि खालचं बटण दाबलं तरी हलणार नाही. रिले का चिकटला ते शोधायला मी फ्यूजची डबी उघडली. आत फ्यूज नव्हता. बैलाच्या शेपटीतल्या केसांसारखा जाड तांब्याच्या तारांचा पिळा होता.

"हे कुणी केलं?"

"म्या," बापू छाती काढून म्हणाला. "सारखा जळायचा. तार घातल्यापास्नं एकदा बी गेला न्हाय!"

"आणि बटणाजवळ हा ओरखडा कसला?"

यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग दस्तगीर हसला. "सांग की आता."

बापूने सांगितलं. या भागात विजेचा दाब कमी असला की शेतावरच्या पंपाच्या मोटरीचा स्टार्टर धरत नाही. मग शेतकरी बटणात लाकडाची काडी खोचून ठेवतो आणि मोटर चालू राहते. प्रत्येक विहिरीवर अशी एक काडी असते, पिढीजात असावी तशी जपलेली. गेल्या पुरात बोटीचं बटण सारखं दाबून धरायला लागायचं, म्हणून पाणी ओसरताना, शेवटच्या खेपेला, बापूने तिथेही काडी खोचली. शेपूट पूर्ण वर गेलं, तरी मोटर ढकलत राहिली. फ्यूज असता तर जळून मोटर वाचली असती. फ्यूजच्या जागी तार होती. रिले चिकटला आणि मोटर भाजली. मोटर खोलून हुंगली तर जळक्या वार्निशचा वास.

"बापूसाहेब, ही विहिरीवरची मोटर नाही."

"मोटर ती मोटर!" बापू म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

मळ्यातली वस्ती

दुपारी बापू मला त्याच्या थोरल्या बहिणीकडे जेवायला घेऊन गेला. नदीच्या वळणात, उसाच्या मधोमध आठ-दहा घरांची वस्ती आहे. पाणी चढलं की रस्ता आधी बुडतो आणि वस्ती बेट होते. बोट मुख्यतः याच वस्तीसाठी घेतली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

आक्का ज्वारीची भाकरी थापत होत्या. बापूचे दाजी, म्हणजे आक्कांचे मालक, ओट्यावर खाटेवर होते. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. उसाच्या मोळीसकट पाटात पडले होते.

अंगणात गडबड होती. म्हशी, बैल, शेळ्या सोडून गावाकडच्या उंच माळावर हाकत होते.

"जनावरं चालली, आता तुम्हीही निघणार?" मी विचारलं.

"आमी कशाला?" आक्का म्हणाल्या. "जनावरं आदी, मानसं मागनं. घर सोडून गेलं तर पानी घरात शिरलं का न्हाय बघायचं कुनी?"

आमच्याकडे उलटं आहे. आधी बायकापोरं, मग जमलं तर गुरं. मी तसं म्हणालो. दाजी खाटेवरून म्हणाले, "पावणं, मानसाला हाक मारली तर ऐकतंय. म्हस दावणीला बांधल्यावर ऐकून काय करंल?" मी जेवायला बसलो.

भाकरी, आमटी आणि खर्डा. आमच्या ठेच्याचाच भाऊ, पण तापट. नाकातून पाणी आलं. आक्का म्हणाल्या, "शिकल्याली मानसं तिकट खात न्हाईत का?" मी अजून एक गोळा मागून घेतला. ती चूक संध्याकाळपर्यंत पुरली.

अंगणाच्या कडेला गुऱ्हाळाची काहिल पालथी घातलेली होती. रस उकळायची ती लोखंडी कढई, दहा माणसं बसतील एवढी. बोट यायच्या आधी पुरात हीच नाव म्हणून वापरायचे.

"ओढीला लागली की भोवऱ्यावानी फिरती," आक्का म्हणाल्या. "मागं एकदा फिरत फिरत पार खालच्या गावाला गेलो. ह्येंच्या या पायानं आता काहिलीत न्हाय बसायचं नदीला. बोट चालू करा तेवढी."

दाजींना ओढीच्या पाण्यातून पलीकडे न्यायचं म्हणजे बोटच पाहिजे. परतताना बापूने ट्रॅक्टर हळू चालवला. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "काडी म्या घातली. आक्काला सांगू नगा."

मी म्हणालो, सांगणार नाही.

कोल्हापूर, उचगाव

दुसऱ्या दिवशी जळकी मोटर पिशवीत घालून कोल्हापूर गाठलं. मुंबईहून सुटे भाग यायला आठवडा गेला असता. शहरात ट्रॅक्टरचे भाग विकणारं एक दुकान सापडलं. ट्रॅक्टरच्या स्टार्टरचा रिले थोडा मोठा पण चालण्यासारखा होता. दुकानदाराने विचारलं, कुठला ट्रॅक्टर? मी म्हणालो, बोट. त्याने रिले परत घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि मग पुन्हा दिला.

कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. आमच्याकडे शेवभाजी असते तशीच शेव, पण इथे कट वेगळा मागायचा आणि पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. शेजारचा पैलवानगडी माझी स्लाइस उचलून माझ्याच कटात बुडवून दाखवायला लागला. "असं खायचं पावणं, कोरडं खाल्लं तर मिसळीला राग येतो." इथे अनोळखी माणसाच्या ताटात हात घालणं हे आपुलकीचं समजतात. थकलेला होतो, म्हणून रागावलो नाही.

जळक्या मोटरीत नव्या तारा भरून देणारा माणूस शहरालगत उचगावात होता, इब्राहिमचाचा. दारात पंपांच्या मोटरी उसाच्या मोळ्यांसारख्या रचलेल्या. चाचांनी आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा गाभा, हातात फिरवलं.

"विहिरीची काडी लागलीय हिला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, अर्ध्या जिल्ह्यातल्या काड्यांवर माझं घर चाललंय."

तारा भरून होईतो दुपार झाली. पण वार्निश वाळेना. आषाढातली हवा, भिंतीसुद्धा घामेजलेल्या. वार्निश ओलं राहिलं तर आतल्या तारा पुन्हा एकमेकींना लागणार. चाचा उठले आणि शेजारच्या बेकरीत गेले. भाच्याची बेकरी. पाव काढून झाल्यावर भट्टी निवत होती. आर्मेचर पत्र्यावर ठेवून आत सरकवलं, नानकटाईच्या शेजारी.

"भाच्या, लक्ष ठेव. लाल झालं की काढ!"

"नानकटाई का मोटर?"

"जे आधी लाल होईल ते!"

मी बाकावर बसल्या बसल्या डोळे मिटले. विजेचं शास्त्र मी चार वर्षं शिकलो, त्यात भट्टी कुठेच नव्हती. संध्याकाळी आर्मेचर कोमट आणि वाळलेलं हातात आलं. वास वेलदोड्याचा. तपासलं, चांगलं होतं. चाचा मात्र म्हणाले, "वरनं वाळलंय. आतलं मी सांगू शकत नाही. घाई तुमची, हमी माझी नाही."

पाणी

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात परतलो तोवर वस्तीचा रस्ता बुडाला होता. उसाचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते, भिजलेल्या हिरव्या झाडूसारखे. मी उभ्या उभ्या चहा घेतला आणि मोटर बसवली. नवा रिले बांधला, तारेचा पिळा काढून फेकला आणि हिशोबाने योग्य तो फ्यूज घातला. बटण दाबलं. शेपूट खाली आलं. दुसरं दाबलं, वर गेलं. काठावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. बापूने माझ्या पाठीत असा धपका घातला की मी पाण्यात जाता जाता राहिलो.

"इंजिनेर हायसा पावणं, इंजिनेर!"

मला ते ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दस्तगीर, बापू आणि मी निघालो. मुख्य ओढ पार केली तेव्हा शेपूट खाली होतं आणि बोट घोड्यासारखी चालली. उसात शिरताना दस्तगीरने शेपूट वर घेतलं, पुढे खड्ड्यावर खाली सोडलं, बांध आला तसं पुन्हा वर घेतलं. तिसऱ्या वेळी मोटर कण्हली आणि गप्प झाली. पंखा बांधात रुतला. फ्यूज गेला होता.

मी दुसरा घातला. बटण दाबताच तोही गेला. मोटरीवर हात ठेवला तर चटका बसला. आतलं वार्निश कच्चं राहिलं होतं की ते आर्मेचर मुळातच दमलेलं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

समोर वस्ती दिसत होती. ओट्याला पाणी लागलं होतं. दाजींची खाट चार विटांवर चढवलेली आणि तिच्यावर आक्का उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

बापूने खिशातून तांब्याचा पिळा काढला. मी फेकलेलाच. उचलून ठेवला होता.

"घालू का?"

"नाही."

"एकदाच. वर येऊ दे, मग काढतो की!"

"बापूसाहेब, एकदाच वर येईल. मग मोटर जळेल आणि ते परत खाली येणार नाही. पंखा हवेत फिरेल आणि दाजी आपल्याबरोबर उसात बसतील. मग?"

"मग काय करायचं सांगा! माझी भन हाय ती!" तो ओरडला. त्याचे डोळे भरले होते.

मी खूप थकलो होतो. थकल्यावर एक बरं असतं, डोक्यात एकच गोष्ट मावते. मला वीज दुरुस्त करायची होती. त्यांना माणसं न्यायची होती. मी पक्कड घेतली आणि ट्रिमच्या मोटरीच्या सगळ्या वायरी कापल्या.

"आरं आरं!" दस्तगीर म्हणाला.

"उतरा दोघंही."

छातीएवढ्या पाण्यात उतरलो. मी तेलाची नळी सैल केली, म्हणजे शेपूट हातांनी हलवता येईल. बापू आणि दस्तगीरने बांधावर पाय रोवून ते उचललं. निम्म्यावर आल्यावर मी म्हणालो, थांबा. बापूने वाहत आलेला बाभळीचा ओंडका बांधावरून ओढला. तो शेपूट आणि बोटीच्या मागच्या फळीमध्ये ठोकला आणि बोटीत पडलेल्या, ट्रॉलीच्या साखळीने आवळून बांधला. शेपूट आता वरही जाणार नव्हतं आणि खालीही. कमरेच्या वर पाणी असेल तिथे बोट चालेल, त्याहून उथळ जागी नाही.

"आणि दस्तगीरभाई, मागचा गियर टाकायचा नाही. टाकला तर ओंडका निसटेल."

"म्हंजे मागं जायचंच न्हाय?"

"नाही. चूक झाली तर गोल फिरून यायचं."

"ट्रकचा जलम बरा हुता," तो म्हणाला.

वस्तीच्या अंगणापर्यंत बोट जाणार नव्हती, पाणी कमी होतं. बापूने दोन्ही हात तोंडाला लावून हाक मारली. ती कोल्हापुरातही ऐकू गेली असेल. "आक्काऽऽ! काहिल सुलटी करा! दाजीला त्यात घाला! अंगणापास्नं हितवर ढकलत आना, ओढ न्हाय हितं!"

उसाच्या आडोशाला पाणी शांत होतं. गडी काहिलीचे कान धरून चालत आले. आत गोधडीवर दाजी, प्लास्टरचा पाय तोफेसारखा पुढे केलेला, आणि डोक्यावर उघडी छत्री. बोटीला काहिल टेकली. आम्ही त्यांना उचलून लाल गादीवर ठेवलं. गादी बघून दाजी म्हणाले, "आयला, पाय मोडल्याशिवाय हितं बसाय मिळत न्हाय व्हय?"

अशा खेपा दिवसभर चालल्या. काहिल अंगणातून आणायची आणि बोट ओढ पार करायची. दस्तगीर प्रत्येक वेळी गावाकडच्या काठाला मोठा गोल वळसा घालून येत होता आणि वळताना हात बाहेर काढत होता. मी मागे बसून साखळीवर हात ठेवून होतो. साखळी सैल वाटली की ओरडायचं, एवढंच माझं काम. इंजिनिअरचं काम म्हणून ते कुणाला सांगता येणार नाही. अंग गारठलं होतं, बोटं वाकत नव्हती.

शेवटच्या खेपेला आक्का आल्या. घराला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावलेली. उंबऱ्यावरून पाणी जात असताना कुलूप कशाला, असं मी विचारलं नाही.

काठ लागायच्या आत त्या बापूला म्हणाल्या, "काडी घातलीस न्हवं?"

बापूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तुला ल्हानपनापास्नं वळखती मी. विहिरीवरची बी तूच घालतूस." मग त्यांनी तोंड फिरवलं. तशाच म्हणाल्या, "दाजीला सांगू नगंस. हसतील, आनि पाय दुखंल."

शाळा

गावच्या शाळेत वस्तीतल्या माणसांची सोय केली होती. वर्गात चटया, फळ्यावर अजून बेरजा. एका कोपऱ्यात पातेलं चढलेलं, कुणीतरी कोंबडी कापली होती. मी भिंतीला टेकून बसलो. बापू शेजारी येऊन बसला.

"मग इंजिनेर," तो हळू आवाजात म्हणाला, हळू म्हणजे त्याच्या मानाने, "मुंबईत काय सांगनार?"

"सांगणार, ट्रिम दुरुस्त झाली नाही."

"साहेब रागावंल?"

"रागावेल."

"मी येऊ का सांगाय?"

मुंबईत बापूचा आवाज आमच्या ऑफिसात घुमतोय असं डोळ्यांपुढे आलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं. नको म्हणालो.

आक्का ताट घेऊन आल्या. माझे हात बघून थबकल्या. तेल, गाळ, तारेने कापलेलं.

"एवढं शिकून हात असलं? उठा, राखंनं धुवा आदी."

हात धुऊन आलो तोवर रस्सा गार झाला होता. पहिला घास घेतला, दुसऱ्याला भाकरी मोडली. पुढचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा उजाडलं होतं, अंगावर कुणाचीतरी गोधडी होती, आणि खिडकीतून दस्तगीरचा आवाज येत होता. तो गावाच्या खालच्या अंगाच्या माणसांना बोटीत बसवत सांगत होता: "बसा, बसा. ही फकस्त म्होरं जाती, मागं जात न्हाय. काय राह्यलं असंल तर आत्ताच घेऊन या."